पत्र्याखालचे दोन ससे: मे महिन्यात काय करायचं, डिसेंबरात काय

प्रश्न असा आहे: अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत पत्र्याच्या छपराखाली लोखंडी जाळीचा पिंजरा आहे. त्यात दोन-दोन किलोचे दोन ससे. एक आखूड केसांचा, दुसरा लांब केसांचा, विकणाऱ्यानं ‘अंगोरा’ म्हणून दिलेला. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या आसपास उतरतो. उन्हाळ्यात पंखा लावावा की कुलर? आणि थंडीत पिंजऱ्यात बल्ब लावावा का?

आधी थेट उत्तर. मार्च संपायच्या आत पिंजरा गॅलरीतून आत आणा. पंखा एकटा पुरणार नाही. कुलर चालेल, पण पाऊस सुरू होईपर्यंतच. बल्ब अजिबात नको. आणि हेही लक्षात असू द्या की तुमच्या सशांना जिवाचा धोका मे महिन्यात आहे, डिसेंबरात नाही. बहुतेक घरांत काळजी नेमकी उलटी घेतली जाते: थंडीत पोती, गोधड्या, प्लॅस्टिक आणि उन्हाळ्यात फक्त पाण्याची वाटी.

कारण सशाच्या शरीरातच आहे. पाळीव ससा म्हणजे आपल्या माळरानावरचा ससा नव्हे. तो रानससा वेगळा प्राणी, तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो आणि आपल्या उन्हाला सरावलेला असतो. (वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे त्याला पाळताही येत नाही.) पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळं खणून राहणारे. दुपारभर जमिनीच्या पोटात, गार मातीला पोट लावून पडायचं आणि पहाटे-संध्याकाळी बाहेर यायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे उष्णता बाहेर टाकायची सोय शरीरात फारशी नाही. सशाला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकणंही त्याला नीट जमत नाही. उरतात ते कान.

सकाळी गारव्यात सशाचा कान उजेडासमोर हलकेच धरून पाहा. मधोमध एक जाड रक्तवाहिनी आणि कडेनं बारीक फाटे दिसतात. दुपारी तोच कान पाहिला तर फाटे फुगलेले, कान लालसर आणि हाताला गरम लागतो. शरीरातलं गरम रक्त कानात आणून हवेत गार करायचं, असं हे यंत्र आहे. आता गोम इथं आहे: सशाच्या शरीराचं तापमान ३८.५ ते ४० अंश असतं. भोवतालची हवा २५ अंशांची असेल तर कान उत्तम काम करतो. ३५ ला जेमतेम. आणि हवाच ४४ अंशांची असेल तर कानातून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येते. म्हणून गॅलरीत पंखा लावून उपयोग नाही. घाम नसलेल्या प्राण्यावर पंखा मुळात कमी चालतो, आणि ४४ अंशांत तर तो गरम वाराच अंगावर घालतो. सशाला वाऱ्यापेक्षा पोटाखाली गार जागा जास्त उपयोगी पडते, म्हणजे त्याचं बीळच.

आता जागा. घरातली उत्तर किंवा पूर्व बाजूची खोली निवडा. वर थेट गच्ची असेल तर ती खोली शक्यतो टाळा, कारण तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि सूर्य मावळल्यावरही ससा सुटत नाही. पिंजरा खाटेवर किंवा टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवा. जमिनीलगतची हवा थोडी गार असते. जाळीच्या तळावर फरशी टाका: शहाबादी किंवा कडप्प्याचा एक फूट बाय दीड फुटाचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला. नुसत्या जाळीवर बसून सशाच्या मागच्या पायांच्या तळव्याला जखमा होतात, तेही यामुळे वाचतं. पण अख्खा तळ फरशीचा करू नका. अर्धा फरशीचा, अर्धा गवताचा. कुठं बसायचं ते ससा स्वतः बरोबर ठरवतो, आणि तो कुठं बसलाय यावरून तुम्हालाही कळतं.

मोबाइलवरचं तापमान तुमच्या सशाचं नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल तापमापक, आर्द्रताही दाखवणारा, पिंजऱ्याला सशाच्या उंचीवर, जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटरवर लावा. १० ते २२ अंशांत ससा मजेत असतो. २६ च्या पुढं लक्ष ठेवायचं, ३० ला गारव्याचे उपाय सुरू करायचे, ३५ म्हणजे जिवाशी गाठ. लांब केसांच्या सशासाठी हे सगळे आकडे दोन-तीन अंशांनी खाली घ्या. लठ्ठ, म्हातारे, चपट्या तोंडाचे, लोंबत्या कानांचे आणि गाभण ससेही याच गटात.

कुलरबद्दल. विदर्भाच्या कोरड्या हवेत कुलर फार चांगलं काम करतो, बाहेर ४४ असताना खोली ३० च्या आसपास आणतो. पण समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि गारवा थांबतो. झोत थेट पिंजऱ्यावर नको. सशाचे डोळे कोरडे पडतात, गवत ओलसर होऊन बुरशी धरतं. झोत भिंतीवर मारा, तिथून परतलेली हवा पुरते. टाकीतलं पाणी दोन दिवसांआड बदला. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनचे ढग आले की मात्र खरी गफलत होते. तापमान ३६ वर उतरलेलं असतं म्हणून घरचे निर्धास्त होतात, पण आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर गेलेली असते आणि कुलरचं पाणी उडतच नाही. तो नुसती ओल वाढवतो. त्या पंधरा दिवसांत कुलर बंद करून नुसता पंखा, गार फरशी आणि बर्फ यांवर भर द्या, किंवा एसी २५-२६ वर लावा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या लोकांनी तर कुलरचा विचारच करू नये. एसीच्या खोलीतला ससा लगेच तापलेल्या गॅलरीत फिरायला सोडायचा नाही, हे ओघानं आलंच.

लाइट गेली तर? अकोल्यात हा प्रश्न आधी सोडवून ठेवलेला बरा. एक लिटरच्या चार बाटल्या पाऊण भरून (गोठल्यावर पाणी फुगतं) फ्रीजरमध्ये ठेवा. दोन पिंजऱ्यात, दोन गोठत. बाटलीवर सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा आणि ती पिंजऱ्याच्या एका कडेला आडवी ठेवा, म्हणजे ससा टेकू शकतो आणि नको तेव्हा दूरही जाऊ शकतो. तीन-चार तासांनी बदला. प्लॅस्टिक कुरतडणारा ससा असेल तर घरातला स्टीलचा कडीडबा याच कामाला वापरा, तोही पाऊणच भरायचा. फ्रीजरमधून काढलेली फरशी थेट पोटाखाली देऊ नका. फरशी खालच्या कप्प्यात गार केलेली किंवा अर्धा तास पाण्यात बुडवून पुसलेली पुरे.

याहून चांगली आणि बिनविजेची सोय म्हणजे मातीची कुंडी. १६ इंची, न रंगवलेली कुंडी घ्या. रंग दिलेली पाझरत नाही, त्यामुळे गारही होत नाही. रात्रभर बादलीत भिजत घाला. सकाळी ती आडवी करून वीट लावून पक्की करा, खालचा एक तृतीयांश भाग ओल्या वाळूच्या परातीत रुतवा आणि वरून भिजलेलं, पिळलेलं गोणपाट टाका. वाळू आणि गोणपाट दर दोन-तीन तासांनी शिंपडून ओलं ठेवा. कुंडीचा आतला भाग कोरडाच राहायला हवा. बाहेरून पाणी उडतं आणि आतली भिंत माठासारखी गार होते. ससा आत शिरून पाठ टेकवून पडतो, बिळात पडावा तसा. तळाचं भोक बुजवू नका, हवा खेळू द्या. हे एका सशापुरतं झालं. दोघांना दोन कुंड्या, कारण गरमीत ससे एकमेकांना चिकटून बसायला मागत नाहीत आणि दुबळा बाहेर राहतो. आणि हो, हीसुद्धा कोरड्या हवेचीच युक्ती.

पाणी किती? किलोमागे दिवसाला सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे तुमच्या दोघांना मिळून ४०० मिली, आणि मे महिन्यात त्याच्या दीडपट-दुप्पट. नळीच्या बाटलीतून थेंब-थेंब चाटण्यापेक्षा ससे पसरट भांड्यातून जास्त पाणी पितात. मातीचं जड परळ किंवा चिनीमातीचा वाडगा द्या, दोन जागी, दिवसातून तीनदा बदलून. बाटली हवी तर जोडीला असू द्या. बाटलीच्या टोकातली गोळी अडकते आणि बाटली भरलेली दिसत असताना ससा तहानलेला राहतो, म्हणून रोज बोटानं गोळी दाबून थेंब येतोय का ते पाहा. मीठ-साखरेचं पाणी, ग्लुकोज, ताक, सरबत काही नको. कोथिंबीर, पुदिना, मेथी, गाजराचा पाला धुऊन, थेंब निथळत असतानाच दिला की तेवढंच पाणी पोटात जातं. रोज एक-दोन मुठी पुरे. कलिंगडाचा नखाएवढा तुकडा आवडीखातर द्या, फोड नाही. साखरेनं आतड्यातलं आंबणं बिघडतं आणि पोट फुगतं.

मुख्य अन्न मात्र वाळलेलं गवतच, आहाराचा जवळपास ८० टक्के भाग. टिमथी गवत महाग पडतं. तणनाशक न मारलेल्या जागेवरची हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, सावलीत वाळवून ठेवली तरी उत्तम चालते. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. उन्हाळ्यात गवताची मोठी पेंढी रात्री आठ-नऊनंतर आणि पहाटे पाचच्या सुमारास टाका. दुपारी ससा खात नाही, त्याला खायला लावूही नका, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. पण दुपारी न खाल्लेला ससा रात्री गारव्यात खाऊ लागलाच पाहिजे. सशाचं आतडं थांबलं की गाडी लवकर बिघडते. १०-१२ तासांत एकही लेंडी नसेल तर तो ‘गरमीनं मलूल’ नाही, आजारी आहे. रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्यांकडे नजर टाकायची सवय लावा: आकार हरभऱ्याएवढा, गोल, कोरड्या. लहान, खडे-खडे झाल्या की आदल्या दिवशी पाणी कमी पडलं असं समजा.

लांब केसांच्या सशाचं वेगळं बघावं लागेल. अंगोरा हा थंड प्रदेशातला जीव आहे. हिमाचलात कुलू जिल्ह्यातल्या गडसा इथं सरकारी केंद्रात लोकरीसाठी तो पाळतात, कारण तिथली हवा त्याला मानवते. अकोल्यात त्याच्या अंगावरची लोकर म्हणजे मे महिन्यात घातलेलं स्वेटर. होळीच्या सुमारास केस दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत कमी करा. कात्रीनं करू नका, सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि केस ओढले की तीही वर येते. केस कापायची मशीन, कंगवा खाली धरून, दोन माणसांनी मिळून. कातडी दिसेपर्यंत भादरायचं नाही. आखूड केसांच्या सशाला दोन दिवसांआड विंचरणं पुरेसं. गळणारे केस चाटून पोटात जातात आणि गवत कमी खाल्लं असेल तर तिथंच अडकतात. अंघोळ कुठल्याच सशाला, कुठल्याच ऋतूत घालू नका.

आता उष्माघात. नाकाच्या हालचालीवरून श्वास मोजू नका, ससा नाक हलवतच असतो. कुशीकडे पाहा, १५ सेकंदांत किती वेळा वर-खाली होते ते मोजून चारनं गुणा. शांत बसलेल्या सशाचे मिनिटाला ३० ते ६० श्वास. तुमच्या दोघांचा आकडा एखाद्या गार सकाळी मोजून पिंजऱ्यावर लिहून ठेवा. दुपारी तो दुप्पट होऊन १५ मिनिटांत उतरला नाही तर लगेच हालचाल करा. कान तापलेले आणि लाल, नाक-हनुवटी ओली, डोकं मागं टाकून उघड्या तोंडानं श्वास, लाळ, मग लटपटणं आणि झटके, असा क्रम असतो. ससा तोंडानं श्वास घेतोय म्हणजे वेळ मिनिटांत मोजायची.

अशा वेळी सशाला गार खोलीत फरशीवर घ्या. साध्या, नळाच्या गार पाण्यात फडकं बुडवून कानांच्या बाहेरच्या बाजूवरून पुन्हा पुन्हा फिरवा, पाणी कानाच्या भोकात जाऊ देऊ नका. पाय आणि पोटाखालची बाजू ओलसर करा, आता पंखा लावा. ओल्या अंगावर पंखा उपयोगी पडतो. बर्फाचं पाणी वापरायचं नाही, बादलीत बुडवायचं तर मुळीच नाही. बर्फानं कानातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता बाहेर जायची मुख्य वाट बंद होते, शिवाय धक्क्यानं ससा दगावू शकतो. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. वाटी पुढं ठेवा, पीत असेल तर पिऊ द्या. गुदद्वारातलं तापमान घेण्याचा सराव असेल तर ४०.५ च्या वर आणीबाणी, आणि ३९.५ ला आल्यावर ओलं करणं थांबवा, कारण पुढं ते आपोआप उतरत राहतं. सराव नसेल तर त्या भानगडीत पडू नका. घाबरलेला ससा लाथ झाडतो आणि त्यात त्याचा कणा मोडू शकतो. हे सगळं दहा मिनिटांचं काम. तोवर दुसऱ्यानं डॉक्टरांना फोन केलेला असावा. ससा सावध झाला तरी दवाखान्यात न्यायचाच, आतड्याला आणि मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या दिवशी दिसते. माणसांची तापाची गोळी देऊ नका. सशांवर उपचार करणारे पशुवैद्य सगळीकडे नसतात, तुमच्या भागातले कोण ते फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

थंडीची गोष्ट सोपी आहे. १० अंश हे प्रौढ, धडधाकट, कोरड्या सशाला सुखाचं तापमान आहे. निफाडसारख्या ठिकाणी पारा ५-६ च्या खाली जातो, तिथंही चांगली पेटी असली की भागतं. थंडी एकटी सशाला मारत नाही, ओल आणि वाऱ्याचा झोत मारतात. आणि त्याहून जास्त त्रास देतो तो माणसानं केलेला बंदोबस्त: पिंजऱ्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं की लघवीचा उग्र वायू आत कोंडतो, नाक-फुप्फुसं जळतात आणि शिंका, वाहतं नाक सुरू होतं. मग लोक म्हणतात थंडी बाधली. पिंजऱ्याजवळ वाकून श्वास घ्या. तुमच्या नाकाला झोंबलं, तर सशाला रात्रभर झोंबतंय.

तुम्ही दिवाळीनंतर पिंजरा परत गॅलरीत नेलात तरी हरकत नाही. दोघांसाठी ६० बाय ४० सेंटीमीटरची, ३५ उंचीची लाकडी पेटी करा. दार १६-१८ सेंटीमीटरचं, एका कोपऱ्याकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे आत वळून बसायला आडोसा राहतो. पेटी विटांवर ८-१० सेंटीमीटर उचला. आत भाताच्या तणसाचा किंवा वाळल्या गवताचा १०-१२ सेंटीमीटरचा थर. कुटार (मळणीनंतर उरणारा बारीक भुसा) वापरू नका, त्याची धूळ नाकात जाते. सुती-लोकरी चिंध्याही नकोत, धागे कुरतडून पोटात जातात. रोज सकाळी तणसाखाली हात घालून पाहा आणि ओला भाग काढून टाका. बाहेरून तीन बाजूंना गोणपाट, वरचा चौथा हिस्सा उघडा. सशाला कपडे घालू नका.

बल्ब नको याची कारणं दोन: वायर कुरतडली जाते, आणि वाळल्या गवताशेजारी तापलेला बल्ब म्हणजे आग. शेगडीसुद्धा बंद खोलीत विषारी धूर करते. फार गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवा. पिण्याचं पाणी सकाळी आणि रात्री किंचित कोमट द्या. थंड पाणी ससे कमी पितात आणि मग लघवी पांढरट, चिकट पिठासारखी होते. सशाच्या शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं, पाणी कमी पडलं की ते मूत्राशयात साचतं. गवत हवं तेवढं खाऊ द्या, त्याच्या पचनातली ऊब हिवाळ्यात कामी येते. आठवड्यातून एकदा वजन करा. दोन किलोच्या सशाचं १०० ग्रॅम घटलं तर दात आणि पोट तपासून घ्या. थंडीत कान गार लागणं नेहमीचं आहे. कान गार, अंग सैल आणि गवताकडे बघतही नाही, असं तिन्ही एकत्र असेल तर टॉवेलात घेऊन पोटाशी धरा आणि दवाखाना गाठा.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जून ते सप्टेंबर रोज शेपटीखाली पाहा. लेंडी किंवा लघवीनं ओलं राहिलं की माश्या तिथं अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. ओलं दिसलं तर कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा. अळी दिसली तर घरी काही न लावता त्याच तासाला निघा. वाटेत रिक्षात खोकं पायाशी, सावलीत ठेवा, खाली टॉवेल आणि दिवस गरम असेल तर बाजूला गुंडाळलेली गार बाटली. दुसरा ससाही सोबत न्या, त्याच्याही शेपटीखाली डॉक्टरांकडून पाहून घेता येतं.